निवेदकाची अठ्ठेचाळीस मिनिटे



गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या कांजूरमार्गच्या विहारात रोज रात्री आठ ते नऊ 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचायला नेहमीप्रमाणे मी. गेली चौदा वर्षे मीच वाचतो. वरच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असायचा, पूर्वेकडून वारा सुटला की कचराभूमीचा वास आत यायचा. तरी तीस-पस्तीस माणसे कामावरून येऊन, हातपाय धुऊन, पांढरे कपडे घालून वेळेवर बसत. मला त्याचा अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू, त्यातला थोडा अभिमान माझ्या आवाजाचाही होता.

त्या गुरुवारी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या एका चेहऱ्यावर निळा उजेड पडलेला दिसला. माझा भाचा. अकरावी कॉमर्स. सरणत्तय होईपर्यंत मी दम धरला आणि मग सरळ जाऊन त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला. तर हा रडवेला होऊन म्हणतो, "मामा, द्या ना. शेवटची मॅच चालू आहे. माझ्या पोराची एक्केचाळीसच मिनिटं झालीत, सात कमी पडतायत."

सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'माझा पोरगा' हे शब्द ऐकून दोन उपासिका दारातून मागे फिरल्या.

घरी बहिणीने तर कपाळाला हात लावला. "दादा, फोडून टाक तो मोबाईल. ह्यानं पैसे लावले असतील." तिची भीती खोटी नव्हती. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने कॉलेजची फी मोबाईलवरच्या रमीत घालवली होती. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा होण्याआधी कितीतरी घरांतल्या पगाराच्या पाकिटाला भोके पडून गेली होती. म्हणून मी ठरवले की आधी हिशेब तपासायचा, मग काय फोडायचे ते फोडायचे. रविवारी सकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "दाखव तुझा पोरगा."

खेळाचे नाव बझरबीटर. २००७ च्या सुमारास सुरू झालेला. बास्केटबॉलचा आहे, पण बोटांनी खेळाडू पळवायचा नाही. आपण एका संघाचे व्यवस्थापक. देशोदेशीची माणसे असेच एकेक संघ चालवतात. आठवड्याला तीन सामने, तिकिटांची जमा, खेळाडूंचे पगार, प्रशिक्षकाचा पगार, आठवडाअखेर शिल्लक. खिशातला रुपया न घालताही खेळता येतो. मी बीकॉम माणूस, आयुष्य खतावणीत गेलेले. जमाखर्चाचे पान पाहून माझा राग निम्मा उतरला, हे बहिणीला मी अजून सांगितलेले नाही.

आता त्याचा पोरगा. तो होता अठरा वर्षांचा एक पॉइंट गार्ड, म्हणजे अर्थात आकडे आणि नाव, बाकी काही नाही. पॉइंट गार्ड म्हणजे काय, हे आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. आपल्या वस्त्यांत कबड्डी आहे, क्रिकेट आहे, बास्केटबॉलची कडी मात्र आपल्याला बहुधा दुसऱ्याच्या कॉलेजच्या कुंपणातून दिसते. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर बर्फ, वर्गात अठरा मुले, म्हणून एका बाजूला नऊ. पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायचा. पहिल्या नियमांत चेंडू हातात घेऊन पळता येत नसे. जिथे मिळाला तिथूनच दुसऱ्याकडे टाकायचा. चेंडू आपटत पुढे नेण्याची युक्ती पुढे काही वर्षांत आली, आणि त्यातून हळूहळू असा एक खेळाडू तयार झाला की ज्याने चेंडू मागून पुढे आणायचा, सर्वांवर नजर ठेवायची आणि योग्य वेळी योग्य माणसाच्या हातात द्यायचा. टोपलीत टाकणारा दुसराच. टाळ्याही त्यालाच.

"म्हणजे सूत्रसंचालक," मी म्हणालो. "माईक ज्याच्या हातात, पण भाषण दुसऱ्याचं."

"तसंच काहीतरी," तो म्हणाला. "पण तो माईक सोडतो."

हे तो सहज बोलला की मुद्दाम, मला तेव्हा कळले नाही.

या खेळात पोरगा तयार कसा करायचा, ते ऐकण्यासारखे आहे. दर आठवड्याला प्रशिक्षकाला एकच कौशल्य सांगायचे: पासिंग, चेंडू हाताळणे किंवा बाहेरचा बचाव. आणि एक जागा सांगायची, उदाहरणार्थ पॉइंट गार्डची. मग त्या आठवड्याच्या सामन्यांत त्या जागेवर जो मुलगा अठ्ठेचाळीस मिनिटे प्रत्यक्ष खेळला असेल त्यालाच शुक्रवारी पूर्ण शिक्षण मिळते. कमी खेळला तर कमी. बाकावर बसून पाहणाऱ्याच्या पदरात त्यातले काही पडत नाही. सामनाच मुळी अठ्ठेचाळीस मिनिटांचा. म्हणजे एका जागेवर आठवड्याला फार तर तीन मुले घडवता येतात. एखाद्याने सहा फाउल केले की तो बाहेर. त्या गुरुवारी याच्या पोराचे तेच झाले होते.

अठरा वर्षांचे पोर लवकर शिकते, पंचविशीतले सावकाश. एक कौशल्य शिकवले की शेजारचेही थोडे वाढते. पण ते पोर आज कच्चे असते. त्याला पॉइंट गार्डला उभे केले की चेंडू हातचा जातो, सामना हरतो, प्रेक्षक नाराज होतात. मुरलेला खेळाडू उभा केला तर सामना जिंकतो, पण तो आता फारसा काही शिकणार नसतो आणि वर्षागणिक म्हाताराच होत जातो. खेळातले एक वर्ष म्हणजे चौदा आठवडे, आपल्या वर्षावासापेक्षा थोडेच जास्त. म्हणजे दर शनिवारी, मंगळवारी आणि गुरुवारी व्यवस्थापकाने स्वतःला विचारायचे, आज जिंकायचे की उद्यासाठी पोरगा घडवायचा? भाच्याचा संघ तेव्हा सलग पाच सामने हरला होता. त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. मला वाटले असते.

इथपर्यंत मला खेळ आवडला. मग त्याने खेळाडूच्या पानावर एका ओळीकडे बोट दाखवले. ती ओळ 'क्षमते'ची. प्रत्येक पोर संघात येते तेव्हाच त्याच्या नावापुढे ती लिहिलेली असते. वरची पायरी सर्वकाळ महान, मग खाली तारा, मग नुसता राखीव, मग बाक उबवणारा. कितीही शिकवा, त्या पायरीशी आले की शिक्षण अडकते. आणि अगदी तळाची पायरी कोणती, वाचकहो? 'निवेदक'. म्हणजे हा खेळणार नाही, फार तर माईकवरून दुसऱ्यांचा खेळ सांगेल. चौदा वर्षे माईक धरलेल्या माणसाला हे कसे लागले असेल ते तुम्हीच समजा.

पण मला खरे लागले ते दुसरेच. मी म्हणालो, "अरे, हा तर जन्मानं मारलेला शिक्का झाला. आपण कोणाची लेकरं? वसल सुत्तात भगवंतांनी अग्गिक भारद्वाजाला काय सांगितलं? माणूस हीन ठरतो तो कर्मानं, जन्मानं नाही. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या मुलापुढे कोणी क्षमतेची ओळ लिहिली असती तर काय लिहिली असती?" माझा आवाज चढला होता. विहारात चढतो तसाच.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, गेममध्ये निदान ते लिहिलेलं दिसतं. आणि लिहिलेलं असूनही मी त्याला खेळवतो. इथं तर तुम्ही कोणाला खेळवतच नाही, आणि म्हणता पोरं कामाची नाहीत."

बहीण आतून ओरडली, "मामाशी असं बोलतात?" मी तिला गप्प केले. कारण मला दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. पेढे आणले होते, त्याला सायन्सला जायचे होते, एकूण टक्के एकसष्ट. सगळ्या घरादारादेखत मी म्हणालो होतो, "सायन्स तुझ्या आवाक्यातलं नाही. माझ्यासारखं कॉमर्स कर, कुठंतरी चिकटशील." गुणपत्रिका मी हातात धरली होती, पण गणितातले चौऱ्याऐंशी मी पाहिलेच नव्हते. ते मी त्या रविवारी पाहिले. क्षमतेची ओळ लिहिणारा काही अमेरिकेत बसलेला नव्हता.

चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा केळुसकर गुरुजींना दिसला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याचे नाव नेले. हे मी किती भाषणांत सांगितले असेल. बाबासाहेबांचे नाव घेऊन टाळ्या मिळतात. केळुसकरांचे काम मात्र कोणाला नको असते. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेबांनी स्वतः तिच्यापुढे भाषण केले आहे. पोरांनी सभा चालवायला शिकावे ही त्यांची इच्छा, आणि आमच्या जयंतीत पोरांकडे काम काय, तर खुर्च्या मांडणे आणि पाणी वाटणे.

पुढच्या रविवारी मी त्याला म्हणालो, चल, खराखुरा बास्केटबॉल बघू. कांजूरमार्गहून स्लो गाडी धरली आणि भायखळ्याला उतरून नागपाड्याला चालत गेलो. मुंबईत या खेळाचे माहेर नागपाडा. मस्तान वायएमसीए, बच्चूखान यांच्या नावाचे मैदान, आणि नागपाडा नेबरहुड हाउस, जिथे १९३६ साली आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली. देवनारला मी शिबिरांना कितीदा गेलो, पण ती संस्था जन्मली या गर्दीच्या, गरिबांच्या मोहल्ल्यात, हे त्याला सांगताना मलाच नवे वाटत होते. अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. श्रीमंतांच्या क्लबातून आलेले नव्हेत.

मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरे होती. एकाला डाव्या हाताने चेंडू आपटत पुढे न्यायला लावले होते, मान वर ठेवून. चेंडू सारखा त्याच्या पायावर आपटून पळायचा. तो धावत जाऊन आणायचा, पुन्हा सुरू. आम्ही अर्धा तास उभे होतो. चेंडू वीस वेळा तरी पळाला असेल. त्याला कोणी बाजूला केले नाही, कोणी त्याच्याकडून चेंडू काढून दुसऱ्याला दिला नाही. मुलगा ठेंगणा होता. भाच्याने मला मग्सी बोग्सची हकिकत सांगितली. बाल्टिमोर शहरातल्या सरकारी गरीब वसाहतीत वाढलेला काळा मुलगा, उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे माझ्याहून चार बोटे कमी. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, एनबीएत, त्याची निवड झाली आणि सात-सात फुटी माणसांत तो चौदा हंगाम पॉइंट गार्ड म्हणून खेळला. इतका ठेंगणा खेळाडू तिथे त्याआधी झाला नाही आणि नंतरही नाही. ज्या लोकांच्या लढ्यावरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले, त्यांच्यातला हा पोरगा. परतीच्या गाडीत मी गप्प होतो. गर्दीत उभ्या उभ्या डोक्यात आकडेमोड चालली होती.

आकडेमोड अशी. रोज साठ मिनिटे वाचन, आठवड्याची चारशे वीस. मी रोज वीसच वाचायचे ठरवले तर माझी एकशे चाळीस. उरली दोनशे ऐंशी. प्रत्येकी अठ्ठेचाळीस धरली तर पाच मुले पुरी होतात आणि चाळीस मिनिटे शिल्लक राहतात. ऑफिसातून आणलेल्या जुन्या खतावणीत मी रकाने आखले. नाव, तारीख, मिनिटे. तीन मुली, दोन मुलगे. भाचा वाचायला तयार झाला नाही. "मी वेळ बघतो आणि नावं पुकारतो," म्हणाला.

आणि आम्ही सामने हरू लागलो. पहिल्या रात्री आठवीतली एक मुलगी वाचायला बसली. तिचा आवाज पुढच्या रांगेपलीकडे जाईना. एका ओळीवरून दुसरी ओळ गाळून तिसरीवर जायची. चौथ्या दिवशी एक ज्येष्ठ उपासक उठले आणि दारात चपला घालता घालता मोठ्याने म्हणाले, "आम्ही धम्म ऐकायला येतो, शाळा तपासायला नाही." आठवड्याभरात पस्तीसाची एकोणीस माणसे झाली. समितीत विचारणा झाली. ग्रंथाचा मान राहत नाही, असे एकाने सुनावले.

यातल्या एका तक्रारीला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या एक आक्का आहेत, साठी ओलांडलेल्या, पवईच्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करतात. अक्षरओळख नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, मला वाचता येत नाही. दिवसातला हा एकच तास माझा. तो पण तुम्ही पोरांना शिकायला दिलात." मोबाईलमधल्या खेळात प्रेक्षक म्हणजे तिकिटाचा आकडा. इथे प्रेक्षक म्हणजे आक्का. त्यांची मिनिटे मी कोणत्या रकान्यात लिहिणार होतो?

मग भाच्यानेच वाट काढली. त्याच्या खेळात व्यवस्थापक कच्च्या पोराला अवघड सामन्यात थोडा आणि मैत्रीच्या सामन्यात पुरा खेळवतात म्हणे. आम्ही क्रम बदलला. पहिली वीस मिनिटे मी नवा भाग वाचायचा, स्पष्ट, पूर्वीसारखा. मग मुलांनी काल मी वाचलेलाच भाग पुन्हा वाचायचा. म्हणजे ऐकणाऱ्याचे काही बुडत नाही, उलट दोनदा कानावर पडते.

त्याच आठवड्यात ती आठवीतली मुलगी 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दाशी अडली. प्रती, प्रतीत्य, करत तीनदा मागे आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रतीत्य-समुत्पाद, बाळ. सावकाश." आक्का. चौदा वर्षे ऐकून ऐकून शब्द त्यांना पाठ होता. मुलीने मान वर केली, शब्द पुरा म्हटला आणि पुढे गेली. त्या दिवसापासून मुले अडली की आधी आक्कांकडे बघतात. माझ्याकडे नाही. गेलेल्यांपैकी सगळे परत आले असे मात्र नाही; चपला घालून गेलेले उपासक अजून आलेले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो.

आश्विन पौर्णिमेच्या सांगतेला सूत्रसंचालन भाच्याने केले. मी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, त्याच्याच जागेवर बसलो होतो. हात शिवशिवत होते. त्याने एका पाहुण्याचे आडनाव चुकवले, भोजनदान देणाऱ्या एका कुटुंबाचे नाव राहून गेले, आणि ते कुटुंब माझ्याशी बोलत नाही. पण एक गोष्ट मी पाहिली. एक वक्ते घड्याळ विसरून बोलत सुटले होते. मी असतो तर चिठ्ठी पाठवून वर चार वाक्ये स्वतःची ठोकली असती. हा त्यांच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिला, वाक्य संपताच टाळी सुरू केली आणि माईक त्या आठवीतल्या मुलीच्या हातात दिला.

त्याच्या मोबाईलमधला पोरगा आता एकोणीस वर्षांचा झाला आहे. संघ अजून हरतोच आहे. त्याच्या पुढची क्षमतेची ओळ कोणती, हे मी विचारले नाही. बारावीनंतर गणिताचे काय काय करता येते, याची माहिती मात्र आम्ही दोघे मिळून काढतो आहोत. कॉमर्सच्या मुलालाही गणित घेऊन पुढे जायच्या वाटा आहेत, हे मला बीकॉम होऊन वीस वर्षांनी कळते आहे.

येत्या रविवारी १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी समितीची बैठक आहे. निवेदनासाठी दरवर्षीप्रमाणे माझे नाव आले होते. ते खोडून मी दोन नावे लिहून दिली आहेत, त्या मुलीचे आणि भाच्याचे. दोन मते तरी विरोधात जातील असा माझा अंदाज आहे. त्यातले एक माझ्या मेव्हण्यांचे, म्हणजे पोराच्या वडिलांचेच. ते म्हणतात, पोराच्या अभ्यासाचे वर्ष आहे, आणि तुमच्यासारखा आवाज त्याला कुठे आहे?